शहरांचे बादरायण संबंध

दोन देशांतील दोन नगरांनी परस्परांशी कायमच्या स्नेहाचा जो करार करावा, त्यास अमेरिकेत ‘सिस्टर सिटी’ आणि ब्रिटनमध्ये ‘ट्विन टाउन’ म्हणतात. या करारान्वये महापौर शिष्टमंडळांसह एकमेकांकडे पाहुणचाराला जातात, स्मृतिचिन्हांची देवाणघेवाण होते आणि गावाच्या वेशीवरील पाटीत एका ओळीची भर पडते. या नात्यांचा इतिहास पाहता, करारातील कलमे जितकी कमी तितके नाते टिकाऊ, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो.

तोलामोलाचा आग्रह कोठवर ताणता येतो, याचा नमुना म्हणजे पॅरिस आणि रोम, कारण केवळ पॅरिसच रोमला शोभते आणि केवळ रोमच पॅरिसला, असे 1956 मध्ये ठरवून त्यांनी उर्वरित जगाला दार लावून घेतले. इंग्लंडच्या रटलंड परगण्यातील व्हिटवेल हे चाळीसेक वस्तीचे खेडे मात्र त्यामुळे हिरमुसले नाही. तेथील पबमध्ये, म्हणजे पेयाबरोबर गावकीचेही कामकाज उरकणाऱ्या मद्यगृहात, जमणाऱ्या मंडळींनी पॅरिसचे तत्कालीन महापौर जाक शिराक यांना पत्र धाडून नात्याचा प्रस्ताव मांडला आणि उत्तर न आल्यास होकार समजू, असेही कळवून टाकले. उत्तर आले नाही, तेव्हा मौन हीच संमती मानून ग्रामस्थांनी वेशीवर पॅरिसचे नाव झळकावले.

कलमांवाचून भागते, याला गंभीर आधारही आहे. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांनी होरपळलेल्या इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीतील 830 स्त्रियांनी आपापले नाव एका टेबलक्लॉथवर भरतकामाने काढून, प्रत्येकी सहा पेन्सच्या मदतीसह, सोव्हिएत संघातील स्टालिनग्राडच्या नागरिकांसाठी तो पाठवला, आणि 1944 मध्ये ही शहरे परस्परांशी रीतसर जोडली गेली. पुण्यात सिंहगड रस्त्यावर जपानच्या ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीची खूण म्हणून तेथील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर बाग उभी राहिली आणि तिला पु. ल. देशपांडे यांचे नाव मिळाले. तेथे फेरफटका मारण्यासाठी करारनामा वाचावा लागत नाही.

याउलट प्राग आणि बीजिंग यांच्या 2016 च्या करारात ‘एक चीन’ धोरणाला, म्हणजे तैवान हा चीनचाच भाग आहे या भूमिकेला, दुजोरा देणारे कलम होते. ते वगळावे हा प्रागच्या नव्या महापौरांचा आग्रह बीजिंगने धुडकावला, ऑक्टोबर 2019 मध्ये आधी कोणी मोडले या मानासाठी शर्यत लागावी तसे दोन्ही पक्ष एकाच आठवड्यात संबंध तोडून मोकळे झाले, आणि जानेवारी 2020 मध्ये प्रागने थेट तैपेईशीच नाते जोडले.

टाळी एका हाताने वाजत नाही, या सर्वमान्य सिद्धांताचा त्यामुळे फेरविचार करणे प्राप्त आहे, कारण दोन्ही हातांनी सही केलेला करार चार वर्षेही टिकला नाही, आणि व्हिटवेलचा मोडायचा, तर तो मुळात झाला होता हे पॅरिसला आधी मान्य करावे लागेल.