बंगलेवाले नाना

गंगापूर रोडला बंगला झाला, वास्तुशांतीचे लाडू संपले, की निवृत्त नाशिककरात एक उद्यानतज्ज्ञ संचारतो. नाना त्यातलेच. त्यांची अट एकच, झाड इथलं नको. उंबर? "पाखरं येतात, गाडीवर घाण करतात." कडुनिंब? "पाला कोण झाडणार?" शेवगा? "सुरवंट!" बहावा सुचवला, तर म्हणाले, "तो काय, रस्त्यावर फुकट दिसतो."

मनालीहून आले ते बर्चचं वेड घेऊन. पांढरं खोड, पापुद्रे सुटणारी साल. "अहो, भूर्जपत्र! आपलीच संस्कृती." संस्कृती आपली असेल, झाड मात्र हिमालयात तीन हजार मीटरच्या वर राहणारं, आणि नाशिक जेमतेम सहाशेवर. पण निफाडला थंडीत द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवतात ना, मग झालं तर! या भरवशावर ऑनलाइन रोप आलं. वैशाखात पारा चाळिशीपार गेला. बर्चची मुळं उथळ, त्यांना गार, ओलसर माती लागते. नानांनी वर हिरवी शेडनेट बांधली, बुंध्याशी बर्फ ठेवला. आत काकू पन्ह्यासाठी फ्रीज धुंडाळत होत्या. रोपाने पावसाळ्याची वाट पाहिली नाही.

मेलेलं झाड परवडलं, असं जगलेल्याकडे बघून वाटतं. त्यानंतर कुंपणाला कोनोकार्पस आला. बारमाही हिरवा, भराभर वाढणारा, पाखरू सहसा न फिरकणारा, म्हणजे नानांच्या दृष्टीने सर्वगुणसंपन्न. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, हे मी सांगून पाहिलं. "गुजरातचं मला सांगू नका," म्हणाले आणि सलग सात वेळा शिंकले. फुलोऱ्याचे दिवस होते. नानांच्या मते मात्र सगळा दोष नाशिकच्या बिघडलेल्या हवेचा.

पाखरं येत नाहीत म्हणून आता त्याच झाडाला प्लॅस्टिकचं दाणापात्र टांगलंय. त्याचा फोटो 'चिमणी वाचवा' या ओळीसह रोज सकाळी आमच्या फोनवर येतो.

गेल्या वर्षी बाथरूम तुंबलं. प्लंबरने चेंबरमधून मुळांचा हातभर झुपका ओढून काढला, अगदी गंगावनासारखा. काकू म्हणाल्या, "तोडून टाका मेलं." पण लावताना कुणाला विचारावं लागलं नव्हतं; तोडायचं तर 1975 चा वृक्ष जतनाचा कायदा, महापालिकेकडे अर्ज, पाहणी, परवानगी. नाना एकदम कायद्याचे पाईक झाले.

प्लंबरचा मात्र त्या झाडावर फार जीव. दिवाळीच्या आधी तो आपणहून फोन करतो, "नाना, झाड बरं आहे ना?"