सायटेशनसर

प्रत्येक कॉलेजात एक तरी असतातच. आमच्याकडचे वनस्पतिशास्त्राचे आहेत. सकाळी उठल्यावर लोक आधी स्वतःचे तळहात बघतात, सर गूगल स्कॉलर बघतात. रात्रीत सायटेशन्सचा, म्हणजे त्यांच्या लेखांना मिळालेल्या हवाल्यांचा, आकडा वाढला असेल तर आंघोळ करताना गाणं, नाही तर घरच्यांवर डाफरणं.

‘‘काय म्हणताय सर?’’ असं सहज विचारावं, तर उत्तर येतं, ‘‘एकोणीस!’’ हा त्यांचा एच-इंडेक्स. २००५ साली होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ही युक्ती काढली. किमान वीस लेखांना प्रत्येकी किमान वीस सायटेशन्स असली, की इंडेक्स वीस. सरांचा विसावा लेख अठरावर अडकलाय. कढीपत्त्यावरचा.

हे कढीपत्ता प्रकरण समजून घ्यायला हवं. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात पानांचा अर्क घालायचा. रंग तपकिरी झाला की चांदीचे नॅनोकण तयार झाले समजायचं, मग ते जंतू मारतात का ते तपासायचं. पद्धत खरी आहे, जगभर चालते. फक्त पान बदललं की नवा पेपर होतो, एवढं सरांना आधी कळलं. तुळस झाली, कडुलिंब झाला, शेवगा, अडुळसा झाला. शेवग्याच्या पेपरात तुळशीच्या पेपराचा हवाला, अडुळशाच्या पेपरात दोघांचाही. कॉलनीतली कुंपणं संपली तेव्हा सर घरात वळले. वहिनी हल्ली कोथिंबीर लपवून ठेवतात.

व्हायव्हाला गेले की सर प्रबंध शेवटून उघडतात. संदर्भसूचीत आपलं नाव असलं तर विद्यार्थ्याची पद्धत काटेकोर. नसलं तर ‘‘साहित्याचा आढावा तोकडा वाटतो.’’ एखाद्या जर्नलने लेख तपासायला पाठवला, तर शेऱ्यात ‘लेखकांनी पुढील तीन महत्त्वाचे पेपर पाहावेत’ अशी सूचना हमखास असते. ते तिन्ही कुणाचे, हे सांगायला नको.

सायटेशन सोडून त्यांना काही वाचताना मी एकदाच पाहिलं. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरचा २०१५ चा तो प्रसिद्ध पेपर होता. लेखक ५,१५४! तेहतीस पानांतली चोवीस पानं नुसती नावांची. सर ती नावं पारायणाला बसावं तशी वाचत होते. ‘‘ह्याला म्हणतात टीमवर्क,’’ म्हणाले.

भाचीला स्थळ आलं तेव्हा मुलगा पोस्टडॉक करतोय कळल्यावर सर सरसावून बसले.

‘‘आय-टेन किती?’’

मुलाचे वडील गडबडले. ‘‘नाही, स्विफ्ट आहे.’’

दहा वा अधिक सायटेशन्स मिळालेले लेख किती, हे सरांना विचारायचं होतं. स्थळ मोडलं. गाडीवरून मोडलं, असं बिरादरीत अजून बोललं जातं.

गणिताचे प्राध्यापक त्यांना अधूनमधून समजावतात, की औषधशास्त्रात एकेका लेखाला शेकड्यांनी सायटेशन्स येतात, गणितात पाच यायलाही वर्षं जातात. दोघांना एकच फूटपट्टी लावू नये. सर सहानुभूतीने मान हलवतात. ‘‘तुम्हीसुद्धा पानं का नाही घेत?’’ मराठी विभागाच्या बाईंचं आयुष्य मोडी कागदपत्रं वाचण्यात गेलं, पण स्कॉलरवर त्यांचं प्रोफाइल नाही. म्हणजे सरांच्या लेखी बाईंनी अजून संशोधनाला सुरुवात केलेली नाही.

परवा त्याच बाईंनी स्टाफरूममध्ये दामोदर धर्मानंद कोसंबींचा विषय काढला. माणूस गणिताचा, इतिहास लिहिला, नाणी तोलली, भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती काढली. १९४४ साली जनुकांमधली अंतरं मोजायचं एक सूत्र मांडलं, ते आनुवंशशास्त्रज्ञ आजही वापरतात.

‘‘एवढी फील्डं?’’ सर हळहळले. ‘‘प्रोफाइल डायल्यूट होतं हो त्याने.’’

बाई थांबल्या नाहीत. तरुणपणी कोसंबींनी गणितज्ञ आंद्रे वेइल यांच्या सांगण्यावरून एक गंमत केली, म्हणाल्या. बुर्बाकी नावाच्या गणितज्ञाचा हवाला देऊन चक्क लेख छापला. असा गणितज्ञ मुळात नव्हताच! पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या एका गटाने तेच आडनाव टोपणनाव म्हणून घेतलं आणि जाडजूड ग्रंथ काढले.

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. खिशातून पेन काढून त्यांनी स्पेलिंग विचारलं.

‘‘नसलेल्या माणसाला एवढी सायटेशन्स?’’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘कढीपत्त्याला दोनच कमी पडतायत. हे गृहस्थ घेतील का मला कुठे?’’