परवान्याच्या कारभाऱ्यांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री, ओरॅकल कंपनीच्या परवाना-खात्याचे कारभारी यांस,

सा. न. वि. वि.

अहमदनगरच्या, म्हणजे हल्लीच्या अहिल्यानगरच्या, निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने इजाऱ्याने सारा वसूल करण्याची चाल मोडून, जमिनीचा मगदूर आणि प्रत्यक्ष आलेले पीक पाहून साऱ्याची आकारणी सुरू केली, असे आम्ही नगरकर आजवर मोठ्या अभिमानाने सांगत आलो. परंतु आपले किंमतपत्रक साद्यंत वाचल्यावर, १६२६ साली निवर्तलेला तो थोर पुरुष महसुलाच्या शास्त्रात अगदीच कच्चा होता, अशी आमची खात्री पटली आहे. त्याने पिकावर सारा घेतला. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून स्वतःच्याच पिकाकडे दृष्टी टाकली तर त्या दृष्टिक्षेपावर निराळी पट्टी बसवावी, ही कल्पना त्याच्या स्वप्नातही आली नाही.

उदाहरणादाखल आपला डेटाबेस वापरणारी राहुरी-श्रीरामपूरकडील एखादी सहकारी बँक घ्यावी. उसाचा हप्ता सभासदांच्या खात्यांवर जमा व्हावयाच्या दिवशी काउंटरपुढे रांग लागते, नेमका त्याच वेळी सर्व्हर मंदावतो, आणि कोणती क्वेरी कशापायी खोळंबली आहे याचा शोध घेण्याची पाळी संगणक-विभागावर येते. उत्तर डेटाबेसच्या पोटातच असते. कारण आपली ‘ए.डब्ल्यू.आर.’ नामक यंत्रणा दर तासाला परिस्थितीची नोंद करून ती आठ दिवस जपून ठेवते, आणि हे सारे बँकेच्या डिस्कवर, बँकेच्या विजेवर, कोणी न सांगता चालते. लिहिण्यास परवाना लागत नाही. लिहिलेले वाचण्यास मात्र ‘डायग्नोस्टिक्स पॅक’चा परवाना लागतो, आणि तोही केवळ एंटरप्राइज आवृत्ती घेणाऱ्यासच मिळतो, स्टँडर्ड आवृत्तीवाल्यास पैसे मोजूनही ही दृष्टी लाभत नाही.

आता आकारणीचे माप. इंटेल जातीच्या यंत्रात सोळा कोअर असले तर आपल्या कोष्टकाप्रमाणे त्यांचे निम्मे, म्हणजे आठ प्रोसेसर धरावयाचे. दर प्रोसेसरी ७,५०० डॉलर या छापील दराने ६०,००० डॉलर होतात, आणि त्यावर सालाबाद २२ टक्के देखभाल-आकार, म्हणजे १३,२०० डॉलर. पाहणारा एक असो की दहा, त्याने रोज पाहावे की मार्चअखेरीस एकदाच, रकमेत फरक नाही. आपण नजर मोजतच नाही; यंत्राचे गाभे मोजता! (इतर देखरेख-सॉफ्टवेअरवाले कोणी इन्स्टन्समागे, कोणी सर्व्हरमागे पैसे घेतात, तो हिशेब निदान आमच्या तलाठ्यालाही समजावा असा असतो.)

तथापि आपल्या प्रतिभेचा खरा विलास याहून पुढे आहे. हे पॅक एंटरप्राइज आवृत्तीबरोबर आपोआप बसते. ‘कंट्रोल मॅनेजमेंट पॅक ॲक्सेस’ हे कलम मुळातच चालू स्थितीत येते. कोठे कुलूप नाही, हटकणारा चौकीदार नाही. नवशिक्या डी.बी.ए.ने भाबडेपणाने एक अहवाल काढला की डेटाबेस त्याची नोंद ‘फीचर युसेज’च्या दप्तरात बिनबोभाट करून ठेवतो, आणि कालांतराने आपले लेखापरीक्षक दाराशी आले म्हणजे तेच दप्तर उघडले जाते. बँकेने डेटाबेसवर देखरेख ठेवावी म्हणून घेतलेली सोय बँकेवरच इतकी चोख देखरेख ठेवते, याचे कौतुक करावे तितके थोडे.

अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, की आपले नियम गुप्त नाहीत. ते कलमवार छापलेले आहेत. जो सावध असेल त्याने ते ‘पॅक ॲक्सेस’चे कलम ‘नन’, म्हणजे बंद, करावे आणि विनामूल्य मिळणाऱ्या जुन्या ‘स्टॅट्सपॅक’वर भागवावे, किंवा पोस्टग्रेसचा मार्ग धरावा, जेथे क्वेऱ्यांचा हिशेब पाहण्यास कोणाची सनद लागत नाही. पण सावध राहण्यासाठी आधी पत्रक वाचावे लागते, आणि ते वाचून समजलेला मनुष्य तालुक्याच्या गावी पगारावर टिकत नाही, ही आमची अडचण आपल्या कोणत्याही कोष्टकात नाही.

शेवटी एका उपकाराचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. आम्ही काय काय पाहिले याची नोंद असलेले ते ‘फीचर युसेज’चे दप्तर पाहण्यास आपण अद्याप परवाना लावलेला नाही. ही गोष्ट नजरचुकीने राहून गेली असल्यास, हे पत्र आपल्या नजरेस आलेच नाही असे समजावे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक नगरकर