रिसेटभाऊ

रेल्वेने भंडाऱ्याला येणारा नवखा माणूस 'भंडारा रोड' अशी पाटी वाचून बिनधास्त उतरतो आणि बाहेर येऊन विचारतो तर गाव निघतं वरठी! आम्हाला याचं काही वाटत नाही. रिसेटभाऊ मात्र प्रत्येक वेळी हळहळतात. "टायटल भंडारा, लोकेशन वरठी! म्हणून सांगून राहिलो काकाजी, टायटलवर नका जाऊ. आयडी पाहा."

रिसेटभाऊ वेबसाइटी बनवतात. वर्डप्रेस २००३ साली निघालं, त्यावर हजारो तयार थीम मिळतात. पण भाऊंना आयतं पचत नाही. थीम स्वतःची, प्लगइन स्वतःचं आणि त्यात होणाऱ्या चुकाही स्वतःच्याच. वर्डप्रेसमध्ये लेख, पानं, फोटो, मेनूच्या ओळी, सगळं 'पोस्ट' म्हणून एकाच टेबलात जातं. "धानाची कोठी समजा," भाऊ सांगतात. "पोती सारखीच. आत काय आहे ते वरच्या चिठ्ठीवर. ते चिठ्ठी म्हणजे पोस्ट टाइप."

या कोठीत बसून बसून भाऊंना अख्खं जगच पोस्ट दिसायला लागलं. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी त्यांच्या मामांच्या रेशनकार्डावर अजून 'जि. भंडारा' आहे, त्यावर भाऊ म्हणतात, "मेटा अपडेट नाही केला." लग्नाचं विचारलं की, "स्टेटस ड्राफ्ट." एकदा मुलगी पाहून आले तेव्हा 'पेंडिंग' झालं होतं. मुलीकडच्यांनी ते थेट ट्रॅशमध्ये टाकलं. "ट्रॅशमधून तीस दिवस परत काढता येते," म्हणून महिनाभर आशेवर होते.

माणसांच्याही त्यांनी दोन जाती केल्या आहेत. वर्डप्रेसमध्ये 'द टायटल' म्हटलं की शीर्षक जिथल्या तिथे छापून मोकळं होतं. 'गेट द टायटल' म्हटलं तर ते गुपचूप तुमच्या हातात देतं, पुढचं तुम्ही पाहा. "आमची आत्या पहिल्या जातीतली," भाऊ म्हणतात. "तिले काही सांगा, चौकात छापून येते."

माझ्या चुलतभावाचं भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान आहे. पितळेसाठी गावाचं नाव आहे, तर ऑनलाइनही असावं म्हणून काम भाऊंना दिलं. पहिल्याच दिवशी नागपूरहून गिऱ्हाइकाचा फोन: "अहो, किंमत पाहायला गेलो तर तुमची वेबसाइट 'अरे' म्हणते! ही काय पद्धत झाली?" भाऊंना बोलावलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "अरे नाही, अ‍ॅरे. 'गेट पोस्ट मेटा'ले शेवटी 'ट्रू' सांगाव लागते. नाही तर एक किंमत मागितली की तो पूर्ण यादीच हातात देते."

'ट्रू' लिहिलं. वेबसाइट सभ्य झाली. दुसऱ्या दिवशी त्याच गिऱ्हाइकाने पाणी भरायचा मोठा गुंड मागवला, पळीच्या किमतीत. चुलतभाऊ खालीच बसला.

झालं होतं असं की गुंडाच्या पानावर मध्येच 'अशीच आणखी भांडी' म्हणून एक पट्टी होती. ती दाखवायला भाऊंनी दुसरा लूप फिरवला: गंज, परात, गडवा आणि शेवटी पळी. लूप संपला, पण 'सध्याची पोस्ट' म्हणून पळीच बसून राहिली. खालच्या किमतीच्या ओळीने विचारलं, सध्या कोण? उत्तर आलं, पळी.

"शेजाऱ्याची परात लग्नाले आणली," भाऊ समजावू लागले, "काम झालं की नेऊन द्याव लागते. नाही तर येणारा पाहुणा ते तुमचीच समजते. तसंच लूप झाला की 'डब्ल्यूपी रिसेट पोस्टडेटा'. एक ओळ! आणलं ते परत. सगळा धर्म यातच आला काकाजी."

ही ओळ ते त्या दिवसापासून इतक्यांना सांगू लागले की गावाने नावच ठेवलं. गंमत म्हणजे भाऊंच्या बोलण्याला मात्र रिसेट नाही. बिलाचा विषय काढला की तुमसरच्या धानबाजारात शिरतात, तिथून पवनीच्या आतेभावाकडे, आतेभावावरून गोसेखुर्दच्या पाण्यावर. रात्री चहा संपतो तेव्हा आपण बॅकवॉटरमध्ये उभे असतो आणि बिलाचं कोणालाच आठवत नाही. आम्हाला ते बरंच पडतं.

दुकानाच्या वेबसाइटच्या कामातच त्यांनी माझ्याकडून आजोबांचा तांब्या नेला होता, 'नमुन्याच्या फोटोसाठी, दहा मिनिटं'. पूर्वी भांड्यावर नाव घालून घेत, तसं आजोबांचं नाव कडेला ठसठशीत कोरलेलं. सात महिन्यांनी त्यांच्या घरी गेलो, तर आईंनी त्याच तांब्यात पाणी आणून दिलं. पाणी प्यायलो. मग तांब्या फिरवून नाव त्यांच्यापुढे धरलं.

भाऊंनी ते मोठ्याने वाचलं, समाधानाने मान हलवली. "पाहा, ऑथर बदलला का? नाही ना! डेटा तुमचाच आहे काकाजी. मी फक्त अ‍ॅक्सेस करून राहिलो."

आणि तांब्या भरून आणायला आत घेऊन गेले.