स्पर्धा भरवताय? आधी प्रोटोकॉलचं बघा

संगणकी खेळाडूंची स्पर्धा भरवताय? अभिनंदन. दोन प्रोग्रॅम एकमेकांशी कोणत्या प्रोटोकॉलने बोलणार, यावर आधी सहा महिने बैठका घ्या. खेळ काय, नंतर शनिवार-रविवारी उरकता येतो.

१. तयार प्रोटोकॉल घेऊ नका. बुद्धिबळाला २००० सालापासून यूसीआय आहे, 'गो'ला जीटीपी आहे. दोन्ही साध्या मजकुराचे, फुकट, एका दुपारीत वाचून होणारे. मग समितीने करायचं काय? स्वतःचा प्रोटोकॉल काढा. 'ई२ई४' एवढी खेळी पोचवायला चाळीस ओळी लागल्या, की तो तयार झाला समजा.

२. नाइलाजाने यूसीआय घ्यावाच लागला, तर त्याचे गुण ओळखा. तिथे दर खेळीला साधारणपणे अख्खा डाव पहिल्यापासून पुन्हा सांगतात. शिवाय 'हरलो' म्हणायची इंजिनला, म्हणजे खेळणाऱ्या प्रोग्रॅमला, सोयच नाही. ते ठरवतो पट दाखवणारा इंटरफेस. कारकुनाचा राजीनामा साहेबांनीच लिहावा, तसं. इंजिनांनी अजून तक्रार केलेली नाही.

३. एक्सबोर्ड या बुद्धिबळाच्या इंटरफेसचा जुना प्रोटोकॉलही चालू द्या. तो उरलेला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांत सांगतो, यूसीआय हजाराव्या. मधला रूपांतराचा प्रोग्रॅम नवशिक्याकडून लिहून घ्या. एक शून्य इकडचं तिकडे झालं, की एखादं इंजिन दहापट वेळ आहे अशा समजुतीत निवांत विचार करत बसेल आणि वेळ संपून त्याचा झेंडा पडेल. प्रेक्षकांना तेवढंच नाट्य.

४. 'गो'च्या पटावर स्तंभांच्या अक्षरांतून 'आय' गाळलेला असतो. हे कुणाला सांगू नका. आठ स्तंभ सुरळीत जातात, नवव्याला समोरून प्रश्नचिन्ह येतं. जीटीपीत नकार असाच कळवतात, फार मनाला लावून घेऊ नये.

५. खेळी छापल्यावर बफर रिकामा करायचा असतो, हे नियमांत लिहू नका. खेळी आत अडकते, दोन्ही बाजू एकमेकांची वाट बघतात. घोडं इथंच पेंड खातं. बिचारा प्रोग्रॅमर मात्र रात्रभर नेटवर्क तपासतो. तपासू द्या.

६. काहीच जमलं नाही, तर माणूस बसवा. १९७४ साली स्टॉकहोमला पहिली जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धा झाली, तेव्हा खेळ्या टेलिफोनवरून यायच्या आणि पटावर माणसं हाताने सोंगट्या हलवायची. सोव्हिएत 'कैसा' हा प्रोग्रॅम जिंकला. तेव्हा ऑपरेटर नेमा, त्याला वेळेवर चहा द्या आणि फोनवर 'बी' ऐकलं की 'डी', हे दोनदा विचारायला लावा.