न हलणारा लॅपटॉप : खरेदी, निगा आणि समर्थन

डेस्कटॉपच्या जागी गेमिंग लॅपटॉप घ्यायचा झाल्यास आधी यंत्र निवडू नये, आधी कारण निवडावे. यंत्र दुकानात पोहोचेपर्यंत बदलता येते, पण घरात एकदा सांगितलेले कारण पुढची चार-पाच वर्षे पाठ ठेवावे लागते. कारणात ‘गेम’ हा शब्द येऊ देऊ नये. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने ‘मशीन लर्निंग’ म्हणावे, आर्किटेक्चरवाल्याने ‘रेंडरिंग’ म्हणावे. कॉमर्सवाल्याने जरा जास्त कष्ट घ्यावेत, कारण टॅलीला ग्राफिक्स कार्ड लागत नाही हे वडिलांना ऑफिसात कोणीतरी सांगून ठेवलेले असते.

दुसरी हरकत मावसभाऊ घेतो. त्याने लॅमिंग्टन रोडवर, आणि पुण्याचा असेल तर तपकीर गल्लीत, हिंडून सुटे भाग आणलेले असतात आणि स्वतःच्या हाताने पीसी जुळवलेला असतो. तो म्हणतो, “दादा, एवढ्यात याच्यापेक्षा कितीतरी दणकट डेस्कटॉप बसतो. वर खुर्ची येईल.” त्याच्याशी वाद घालू नये, कारण तो खरे बोलतो आहे. शांतपणे म्हणावे, “पण तो उचलून नेता येत नाही ना.” सगळा व्यवहार या एका वाक्यावर उभा आहे. कुठे न्यायचा आहे, असे कोणी विचारलेच तर आत जाऊन चहा झाला का ते पाहावे.

या वाक्यामागे परंपरा आहे, हेही प्रसंगी सांगता येईल. 1981 साली ॲडम ऑसबर्न यांनी ‘ऑसबर्न 1’ नावाचा उचलून न्यायचा संगणक बाजारात आणला. वजन 11 किलो, पडदा 5 इंची, आणि बॅटरी नाही. तरीही लोकांनी तो घेतला. (या ऑसबर्नचे बालपण तिरुवन्नामलईत, रमण महर्षींच्या आश्रमाच्या सहवासात गेले. अपरिग्रहाच्या एवढ्या जवळ राहून माणूस 11 किलोची पेटी लोकांच्या हातात देतो, यावर ज्याने त्याने विचार करावा.) पुढे 2017 साली एसरने ‘प्रिडेटर 21 एक्स’ विकायला काढला. त्याला 21 इंची वक्र पडदा, दोन ग्राफिक्स कार्डे आणि दोन चार्जर होते, वजन आठ किलोहून जास्त, किंमत 8,999 डॉलर. त्यापुढे तुमचा तीन किलोचा लॅपटॉप म्हणजे संयम आहे, असे वडिलांना सांगावे. ते पटणार नाही, पण विषय बदलतो.

आता खरेदी. ग्राफिक्स कार्डाच्या नावावरून नाते जुळवू नये. डेस्कटॉपचे आरटीएक्स 5090 आणि लॅपटॉपचे आरटीएक्स 5090 ही नावे एक असली तरी चिप वेगवेगळी आहे. डेस्कटॉपच्या कार्डात 21,760 कूडा कोअर आणि 32 जीबी मेमरी, लॅपटॉपच्या कार्डात 10,496 कोअर आणि 24 जीबी. पहिले 575 वॅटपर्यंत वीज खाते, दुसऱ्याला फार तर 175 वॅट मिळतात. याला फसवणूक म्हणता येत नाही, कारण ‘लॅपटॉप जीपीयू’ हे शब्द लिहिलेले असतात. वाचायचे काम आपले.

याहून बारीक गोष्ट म्हणजे टीजीपी, म्हणजे कार्डाला किती वॅट वापरायची मुभा आहे तो आकडा. आरटीएक्स 4060 चे उदाहरण घ्या. लॅपटॉप बनवणाऱ्याला हे कार्ड 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत कुठेही बसवता येते. दोन लॅपटॉपवर तोच स्टिकर, आणि एकात गेम पळतो तर दुसऱ्यात रांगतो. म्हणून दुकानात ताठ उभे राहून विचारावे, “टीजीपी कितीचा?” उत्तर ठरलेले असते : “फुल पॉवर आहे साहेब. बॅग आणि माउस फ्री.” बॅग घ्यावी. तिच्यात लॅपटॉप बसला तर चार्जर बसत नाही आणि चार्जर बसला तर लॅपटॉप, पण पुढे आईला ती घराची कागदपत्रे ठेवायला बरी पडते.

चार्जरचा विचार स्वतंत्रपणे करावा. हे काम बहुतेक जण टाळतात आणि मग पहिल्याच रात्री पस्तावतात. 330 वॅटचा चार्जर साधारण किलोभर वजनाचा असतो, तापतो, आणि त्याला जमिनीवर हवेशीर जागा लागते. कपड्यांच्या ढिगाखाली तो ठेवू नये. आपल्याकडे काही लॅपटॉपांच्या चार्जरला 16 अँपिअरची जाड पिन येते, आणि घरात तसे सॉकेट असतात कुठे? एक फ्रिजमागे, एक गिझरला, एक एसीला. यापैकी कोणते मोकळे करायचे याची घरच्या बैठकीत चर्चा करू नये, निकाल विरोधात जातो. वास्तविक 330 वॅट म्हणजे 230 व्होल्टवर दीड अँपिअरही होत नाही, चार्जरमध्ये थोडी वीज वाया जाते असे धरले तरी दोनच्या आतच. पण हे गणित पिनेला कळत नाही. तिला भोकच मोठे हवे. तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलावून टेबलाजवळ अर्थिंगसकट एक 16 अँपिअरचा पॉइंट काढून घ्यावा. तो आला की आईही दोन कामे काढते. मिक्सरचा सैल झालेला पॉइंट आणि देवघरातला दिवा त्याच दिवशी दुरुस्त होतात आणि लॅपटॉपबद्दल घरात प्रथमच बरे बोलले जाते.

भिंतीत पॉइंट काढला गेला, तिथे लॅपटॉपचा गावही ठरला. पुढचे सगळे त्यावरून आपोआप घडते. पडदा डोळ्यांच्या खाली पडतो म्हणून मान दुखते. मान दुखते म्हणून स्टँड येतो. स्टँडवर ठेवल्यावर कीबोर्डापर्यंत हात पोहोचत नाही म्हणून वेगळा कीबोर्ड येतो, त्याला शोभेल असा माउस येतो. इतके झाल्यावर 16 इंची पडदा लांबून बारीक दिसतो म्हणून 27 इंची मॉनिटर येतो. आता ज्या 240 हर्ट्झच्या पडद्यासाठी वरचे वीस-पंचवीस हजार मोजले, त्यावर व्हॉट्सॲप उघडे ठेवावे. ज्या कीबोर्डाखाली इंद्रधनुष्य चमकते तो भिंतीकडे तोंड करून चमकत राहतो. झाकण लावून टाकावे म्हटले तर आधी त्या यंत्राचा श्वास कुठून चालतो ते तपासावे. पुष्कळ गेमिंग लॅपटॉप कीबोर्डाच्या फटींतूनही हवा ओढतात, आणि त्यांचे झाकण मिटले की आतले वातावरण तापते. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हेडफोन, नेटची वायर, बाहेरची हार्ड डिस्क आणि चार्जर एवढे जोडून झाले की मावसभावाला आठवडाभर घरी बोलावू नये.

उष्णतेविषयी घाबरून जाऊ नये. या वर्गातले पुष्कळ प्रोसेसर 100 अंश सेल्सिअसपर्यंत तापू दिले जातात. त्या मर्यादेला टेकले की ते आपोआप वेग कमी करतात. म्हणजे जळत काही नाही, फक्त तुम्ही मरता, तेही गेममध्ये, नेमक्या शेवटच्या सेकंदाला. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने तिथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते. तेव्हा पुणेकराचा प्रोसेसर त्याच्या चहाच्या आधणापेक्षा गरम असू शकतो, आणि ही बाब सदाशिव पेठेत अभिमानाने सांगण्यासारखी आहे. उपाय साधे आहेत. गादीवर, उशीवर किंवा पांघरुणावर लॅपटॉप ठेवू नये, खालची जाळी बंद होते. मागची बाजू बोटभर उचलावी. त्यासाठी महागडा कूलिंग पॅड घेण्याआधी पाण्याच्या बाटलीची दोन बुचे लावून पाहावीत, फरक दिसतो. वर्षातून एकदा पंख्यांतली धूळ काढून घ्यावी. पंखे पूर्ण जोरात फिरू लागले की आई टीव्हीचा आवाज वाढवते, तुम्ही हेडफोनचा वाढवता आणि खालचे काका बेल वाजवतात, ती कोणालाच ऐकू येत नाही. यालाच शांततापूर्ण सहजीवन म्हणतात.

मे महिन्यात मात्र एक नियम कटाक्षाने पाळावा : खोलीत दुसरे कोणी झोपत असेल तर गेम खेळू नये. लॅपटॉप 300 वॅट खात असेल तर ते सगळे शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरतात. रोज पाच तास खेळल्यास दीड युनिट, महिन्याला 45. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर 100 युनिटांनंतर चढतो, त्यामुळे इतकी वर्षे नव्वदीत असलेले घर टप्पा ओलांडते आणि वडील बिल घेऊन दारात उभे राहतात. अशा वेळी मशीन लर्निंगचे उत्तर पाठ असणे उपयोगी पडते. मशीन काय शिकले हे ते विचारत नाहीत.

बॅटरीचे दोन गुण सांगायला हवेत. चांगल्या गेमिंग लॅपटॉपांत ती 99 वॅट-तासांपर्यंत असते, त्याहून मोठी सहसा मिळणार नाही. विमानात 100 वॅट-तासांपर्यंतची बॅटरी न विचारता नेता येते, त्यापुढे विमान कंपनीची परवानगी लागते. म्हणजे जो लॅपटॉप टेबलावरून उठत नाही त्याची बॅटरी विमानप्रवासाच्या नियमाने ठरलेली आहे. 300 वॅटच्या भुकेला 99 वॅट-तासांचा डबा वीस मिनिटे पुरेल. प्रत्यक्षात चार्जर काढला की यंत्र स्वतःच हात आखडते, खेळ संथ होतो आणि बॅटरी थोडी जास्त टिकते. आपल्याकडे तिचा खरा उपयोग वेगळाच. दुपारी वीज जाते तेव्हा मावसभावाचा पीसी धाडकन बंद पडतो, तुमचे न साठवलेले काम वाचते. हा यूपीएस फुकटात मिळालेला आहे, आणि संपूर्ण खरेदीत मला मनापासून पटलेली हीच एक गोष्ट.

ती टिकवावी. बारा महिने चार्जर लावून 100 टक्क्यांवर तापत ठेवलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग 60 किंवा 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू करावी. पुढे कधी टचपॅड वर आल्यासारखा वाटला, क्लिक होईना, झाकण नीट मिटेना, तर आत बॅटरी फुगली आहे असे समजावे. त्यावर शब्दकोश ठेवून दाबून पाहू नये, घरी उघडून टोचून तर मुळीच पाहू नये. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून सर्व्हिस सेंटरला न्यावा. बघा, उचलून नेण्याचा योग आला.

तीन-चार वर्षांनी नवा गेम जुन्या कार्डाला जुमानत नाही. तेव्हा पुष्कळदा रॅम वाढवता येते, एसएसडी मोठी घालता येते, ग्राफिक्स कार्ड मात्र बहुतेक लॅपटॉपांत मदरबोर्डाला डाख देऊन कायमचे बसवलेले असते. मावसभाऊ जुने कार्ड विकून नवे घालतो. तुम्ही संपूर्ण लॅपटॉप विकायला काढता, आणि घेणारा पहिला प्रश्न विचारतो, “गेमिंगला वापरलाय का?” उत्तर तयार आहेच : मशीन लर्निंग.

मग गेमिंग लॅपटॉप कोणी घेऊच नये का? घ्यावा. पुण्यात, मुंबईत, हैदराबादला भाड्याने राहणाऱ्या माणसाचा करार 11 महिन्यांचा असतो, आणि घरमालकाचा पुतण्या लग्नाचा झाला की तो वाढत नाही. टेम्पोत गादी, बादली, सिलिंडर आणि पुस्तकांची खोकी चढतात. काचेच्या कॅबिनेटचा पीसी, त्यातले लोंबणारे जड कार्ड आणि मॉनिटरचे खोके मांडीवर घेऊन खड्ड्यांतून जाणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला तीन किलोंची किंमत समजते. होस्टेलवर खोली वाटून घेणारे, दर वर्षी बदली होणारे, जहाजावर सहा-सहा महिने असणारे यांनीही खुशाल घ्यावा, टीजीपी विचारून घ्यावा. ज्याचे घर स्वतःचे आहे आणि टेबल हलणार नाही, त्याने मावसभावाला घेऊन बाजारात जावे, डेस्कटॉप जुळवून घ्यावा आणि उरलेल्या पैशांत एक साधा हलका लॅपटॉप. वडिलांना दोन्ही मशीन लर्निंगचेच म्हणून सांगावेत.