घरात मासा आलेला नाही

बोझमन, मोंटाना
१२ जुलै

ती. सौ. आई आणि ती. आप्पा,
साष्टांग नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर ह्यांच्या मागे भिंतीला टेकवलेली लांब काठी दिसली आणि आईंना रात्रभर झोप लागली नाही, असं वन्संकडून कळलं. म्हणून हे सविस्तर पत्र. आधी महत्त्वाचं सांगते: घरात मासा आलेला नाही आणि येणारही नाही. हे मासे धरतात आणि लगेच सोडून देतात.

“मग धरतो कशाला?” हे आईंचं वाक्य मला इथवर ऐकू आलं. मीही तेच विचारलं होतं, त्यावर तासभर व्याख्यान झालं. त्याचा गोषवारा असा. इथली गॅलॅटिन नदी यलोस्टोनच्या डोंगरात उगम पावते. पाणी बर्फाचं, तळाचा गोटा न् गोटा दिसतो. ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ या १९९२च्या सिनेमातल्या मासेमारीचं बरंचसं चित्रीकरण इथलंच, त्यामुळे हौशी मंडळींची वारी असते. ट्राउट मासा प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि वाहत येणारे किडे गट्टम करतो. आपण कमरेएवढ्या पाण्यात उतरून खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जायचं आणि एक खोटा किडा त्याच्या पुढ्यात अलगद सोडायचा. किड्याला वजन नसतं, म्हणून फेकायची ती दोरी. ती मागे पुरती सरळ झाल्याशिवाय पुढे आणायची नाही. आणली, की किडा झाडात. एवढं करून किडा प्रवाहाच्या चालीने गेला नाही, जरा जरी ओढल्यासारखा दिसला, तर मासा ढुंकून बघत नाही.

आप्पा, पुढचं तुमच्यासाठी. हा किडा घरीच बांधतात. नखाएवढा गळ छोट्या शेगड्यात आवळायचा, बॉबिनमधून बारीक दोरा सोडत त्यावर एल्क नावाच्या थोराड हरणाचे केस आणि कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळायचं. तुमची हयात यंत्रमागावर गेली, तेव्हा ह्यांनी कधी दोऱ्याला हात लावला नाही. आता जेवताना माझ्याशी डेनियरच्या गप्पा मारतात. कोंबड्याची पिसं मात्र मी ओट्यावरून थेट गॅरेजात पाठवली.

परवा मीही नदीवर गेले. काठी वाकली, बरीच ओढाताण झाली आणि मासा जाळीत आला. पिवळसर अंग, शेपटीकडे दाट होत गेलेले काळे ठिपके आणि जबड्याखाली कुंकवाचं बोट ओढल्यासारखी लाल रेघ. हा कटथ्रोट, इथला मूळचा रहिवासी. बाकीचे उपरे. ब्राउन ट्राउटची अंडी १८८३ मध्ये जर्मनीहून अमेरिकेत आली, रेनबो पॅसिफिक किनाऱ्याकडचा. दोघेही पिढ्यान् पिढ्या इथे सुखाने नांदतायत, कागदपत्रं कोणी मागत नाही. आमची दर तीन वर्षांनी मागतात.

मासा हातात घेण्याआधी हात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मग प्रवाहाकडे तोंड करून त्याला पाण्यातच आधार द्यायचा. दम परत आला की तो आपणहून जातो. तुमच्या नातीला पहिल्यांदा घेताना ह्यांनी एवढी काळजी घेतल्याचं मला आठवत नाही.

माशांचे लाड इथेच संपत नाहीत. पाणी सलग तीन दिवस ७३ फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या जेमतेम २३ अंशांना पोचलं, की दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद ठेवण्याचा हुकूम निघू शकतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी, त्यामुळे दमलेला मासा सोडला तरी दगावतो. आप्पा, तुम्ही मे महिन्यात ४४ अंशांत पेन्शनच्या रांगेत उभे होतात, तेव्हा असा हुकूम कुणाला सुचला नाही.

बाकी पोरगा तुमचाच आहे, काळजी नसावी. सकाळी चहाच्या आधी मोबाइलवर दोन आकडे बघतो: गॅलॅटिनमध्ये किती क्युसेक आणि उजनी धरणात किती टक्के. गॅलॅटिनचा वाढला की चेहरा पडतो, कारण गढूळ, जोरकस पाण्यात उतरता येत नाही. उजनीचा वाढला की खुलतो. दौंडहून धरणात येणारा विसर्ग वाढल्याची बातमी आमच्याकडे तुमच्याआधी पोचते.

नदीकाठी दुपारी आम्ही कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही काढतो. शेजारचे मासेमार आपापलं सँडविच हातात धरून आमच्या डब्याकडे बघत राहतात. त्यात चटणी संपत आली आहे. कोणी येणारं असेल तर किलोभर द्या, आणि शेजारी कुणी विचारलं तर “मासे सोडतो” हे आधी सांगा, “धरतो” मग.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपली,
धाकटी सून